हिरव्या पट्टीतली खाच

१

एखादी वस्तू वापरताना माणूस नेमका कुठं अडखळतो हे बघायचं आणि ते अडखळणं शब्दांत पकडायचं, हा ब्राह्मी चौगुलेचा धंदा होता. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर तिच्या कंपनीचं ऑफिस होतं. तिथं नवीन आलेल्या प्रत्येकाला ब्राह्मीच्या हाताखालून जावं लागे. 'गोंधळात टाकणारं' असं कुणी लिहिलं की ती ते सरळ खोडायची. "गोंधळ तुझ्या डोक्यात झाला. समोर काय झालं ते सांग," म्हणायची. अडचण कुठं आली, माणूस तेव्हा काय करत होता, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि त्यानं त्याचं किती बिघडेल, एवढं आलं पाहिजे. 'बहुतेक', 'असेल', 'वाटतं' हे शब्द तिला चालत नसत. कारण शोधणं हे वस्तू बनवणाऱ्याचं काम, आपण डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलायचं, असा तिचा दंडक होता. तो पाळूनच तिनं नाव कमावलं होतं आणि त्याचा तिला अभिमानही होता.

त्या हिवाळ्यात ती सांगलीला आली ती एका चष्म्याच्या कामासाठी. कुपवाडच्या पुढं बेदाण्याचं एक मोठं कोल्ड स्टोरेज होतं. आत छतापर्यंत रॅक, रॅकवर बेदाण्याचे बॉक्स, आणि कुठल्या शेतकऱ्याचा माल कुठं ठेवलाय हे शोधताना कामगारांचा जीव जायचा. त्यावर उपाय म्हणून मालकानं हे चष्मे आणले होते. चष्मा लावला की गल्ली होती तशीच दिसायची, पण जमिनीवर एक हिरवी पट्टी उमटायची. तिच्यावरून चालत गेलं की हव्या त्या बॉक्सपाशी माणूस पोचे. आडव्या रस्त्यानं फोर्कलिफ्ट येत असली तर समोर एकदम लाल भिंत उभी राही आणि माणूस थांबे. पट्टी, भिंत, सगळं फक्त काचेत. चष्मा काढला की काही नाही.

चष्मे बनवणारी कंपनी वेगळीच होती. ते वापरायला सोपे आहेत का आणि सुरक्षित आहेत का, एवढं ब्राह्मीनं सांगायचं होतं.

पहिली सकाळ मजेत गेली. हरणाबाई नावाच्या जतकडच्या एक कामगार बाई चष्मा लावून ट्रॉली ढकलत पुढं चालल्या होत्या. त्यांना जे दिसत होतं ते ब्राह्मीच्या हातातल्या टॅबवर उमटत होतं. लुगड्यावर जाड जॅकेट, कानटोपी, आणि त्यावर तो चष्मा. चष्म्यातला आवाज म्हणाला, "कृपया डावीकडे वळावे."

"वळते की," हरणाबाई म्हणाल्या. "एवढं कशाला कळवळून सांगायचं."

ब्राह्मीला अडचणी भराभर सापडत होत्या. हातमोजे घातले की बोटाची खूण चष्म्याला कळत नव्हती. कानटोपी खाली सरकली की वरची अक्षरं झाकली जात होती. थंडीतून बाहेर आलं की काचेवर वाफ धरत होती. सगळ्या साध्या, शब्दांत बसणाऱ्या अडचणी.

मग हरणाबाई मधल्या गल्लीत शिरल्या. गल्ली लांबलचक, दोन्ही बाजूंना बॉक्सच्या भिंती, वर गार हवा सोडणाऱ्या ब्लोअरची एकसारखी घरघर. हिरवी पट्टी थेट टोकापर्यंत गेली होती. फक्त मध्ये एका जागी तिचा तुकडा नव्हता.

ब्राह्मीनं टॅब जवळ घेतला. पट्टी पुसट झाली नव्हती, तुटक झाली नव्हती. कुणी कात्रीनं कापून काढावा तसा तिच्यातून एक आकार गेला होता. हरणाबाई थोड्या पुढं गेल्या आणि तो आकार नीट दिसला.

ते दोन पाय होते. गुडघ्याखालचे.

२

असं कापलं जाणं हा काही बिघाड नव्हे, हे ब्राह्मीला चांगलं माहीत होतं. उलट चष्मा चांगला असल्याची ती खूण. पट्टीच्या आड खराखुरा माणूस आला तर चष्मा त्याच्या आकारापुरती पट्टी झाकतो, म्हणजे पट्टी त्याच्यामागं जमिनीवर आहे असं डोळ्यांना वाटतं. सकाळीच तिचा सोबती विश्वजीत ट्रॉलीपुढं उभा राहिला होता, तेव्हा पट्टी त्याच्या पायांच्या आकारात कापली गेली होती.

पण मधल्या गल्लीत त्या जागी कुणी नव्हतं. खाचेतून पलीकडचं सिमेंट स्वच्छ दिसत होतं.

तिनं हरणाबाईंना थांबवलं आणि स्वतः त्या जागेपाशी गेली. शेजारच्या रॅकवरच्या बॉक्सना चकचकीत प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. त्यावरून उजेड उलटून चष्म्याच्या कॅमेऱ्याला फसवत होता, हे उघड होतं. तिनं ते प्लॅस्टिक उतरवायला लावलं, परत दारापाशी आली आणि टॅब पाहिला. खाच तिथंच होती. मग वरून उतरणारी गार वाफ असणार, म्हणून तिनं तिथला ब्लोअर थोडा वेळ बंद करायला लावला. वाफ विरली, खाच विरली नाही.

"कारण शोधणं आपलं काम नाही," ती स्वतःशीच म्हणाली आणि नोंद केली: मधली गल्ली, ट्रॉली घेऊन चालताना, पट्टी सलग दिसायला हवी होती, एका जागी पायांच्या आकाराचा तुकडा गायब. नोंद बिनचूक होती. तरी ती तिनं पुन्हा वाचली.

दुपारी विश्वजीतची पाळी. दोघांनी वेगवेगळं बघायचं, आपलं आपलं लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, अशी त्यांची पद्धत होती. दोघांना वेगवेगळं बघूनही एकच अडचण सापडली तर ती पक्की. विश्वजीत रहिमतपूरचा, शांत स्वभावाचा, आणि लिहिण्यात ब्राह्मीच्या खालोखाल. संध्याकाळी कँटीनमध्ये चहा घेताना त्यानं आपल्या नोंदी वाचून दाखवल्या. हातमोजे, कानटोपी, वाफ, सगळं जुळलं.

"आणि ही मधल्या गल्लीतली. वाटेत माणूस उभा असल्यानं पट्टी झाकली जाते. ट्रॉली जवळ आली तरी चष्मा वाटेत माणूस असल्याची सूचना देत नाही."

ब्राह्मीनं कप खाली ठेवला. "कुठला माणूस?"

"तिथं उभा होता तो."

"कोण पण? कामगार? गिऱ्हाईक?"

विश्वजीत बोलायला लागला आणि थांबला. "अंगात काय होतं ते..." तो म्हणाला. "थांब. मी टॅबवर बघत होतो. पाय होते. म्हणजे पायांची जागा होती."

"पाय पाहिलेस की जागा?"

त्यानं आपली नोंद पुन्हा वाचली. "जागा," तो म्हणाला. "पण लिहिताना माझ्या मनात शंकाच नव्हती, ब्राह्मी. माणूस उभा आहे असंच मी लिहिलं."

३

कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर लालासाहेब हे पन्नाशीचे, ऐसपैस बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या केबिनमध्ये उन्हं येत आणि थंडीतून आलेल्या माणसाला तिथं बरं वाटे. विश्वजीतनं आडून विचारलं, इथं मागं कधी काही झालं होतं का.

"काय व्हायचंय?" लालासाहेब म्हणाले. "उसाचं रान हुतं. मालकानं घेतलं, बांधलं. बांधताना कुणाचं बोट चेंगारलं न्हाई की आत कवा कुणी पडलं न्हाई. आवं, मसणवटा बी लय लांब हाय. तुमी काय ऐकलं का कुणाकडनं?"

"नाही," ब्राह्मी म्हणाली. तिला हा प्रश्नच आवडला नव्हता. "आमचं काम वेगळं आहे. पट्टी कापली जाते तशी लाल भिंतही कापली जाईल. त्या जागेच्या थोडं पुढंच फोर्कलिफ्टचा आडवा रस्ता आहे. भिंतीत भोक पडलं तर माणसाला वाटेल की रस्ता मोकळा आहे."

"एवढ्याशा भोकासाठी काम थांबवायचं? उद्या दुपारी मालक येणार हायेत. त्यांच्याम्होरं फोर्कलिफ्ट चालवून दाखवायची हाय. हरणाबाईला चष्मा लावून उभी करणार हाय मी, सगळं ठरलंय."

"सकाळचा वेळ मला द्या. भोक केवढं आहे ते मी बघते. लहान असेल तर तसं सांगीन. मोठं असेल तर हरणाबाई तिथं उभ्या राहणार नाहीत."

लालासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. नकार द्यायला जागा राहणार नाही अशा आवाजात ती बोलली होती. "बघा बाबा," ते म्हणाले.

४

सकाळी तिनं आधी हरणाबाईंना चष्म्याविनाच मधल्या गल्लीतून जायला सांगितलं. नुसती ट्रॉली ढकलत टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. चष्म्यामुळं चाल बदलते का हे ताडून बघायला ती नेहमीच असं करायची.

हरणाबाई निघाल्या. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं. दारापासून निघालेला तो आवाज सरळ पुढं जात राहिला, मग एके ठिकाणी बदलला. चाकं तिरकी झाल्यावर होतो तसा. ट्रॉली रॅकच्या कडेला सरकली, बॉक्सना घासत थोडं अंतर गेली, आणि पुन्हा गल्लीच्या मधोमध आली. परत येतानाही त्याच जागी तसंच.

"मावशी, तिथं कडेनं का गेलात?"

"कुटं?"

"मध्येच. गल्ली सगळी मोकळी होती."

"सरळ तर गेले मी." हरणाबाईंनी वळून गल्लीकडं बघितलं. त्यांच्या जॅकेटच्या एका बाहीवर, बॉक्सला घासली होती तिथं, पांढरी धूळ लागली होती. ती त्यांनी झटकली. "तुमचं कायतरी चुकतंय, ताई. सरळच गेले."

त्या खोटं बोलत नव्हत्या. लपवण्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. ब्राह्मीनं मान हलवली आणि त्यांना बाहेर उन्हात बसायला सांगितलं.

"तू बघितलंस?" तिनं विश्वजीतला विचारलं.

"बघितलं."

"चष्मा नव्हता डोळ्यांवर."

"नव्हता," विश्वजीत म्हणाला.

ब्राह्मीचा पिंड मागं फिरणाऱ्याचा नव्हता. पुढचं पाऊल तिच्या मनात तयार होतं. पट्टी जमिनीवर असते, म्हणून पायच दिसतात. भिंत उभी असते. मधल्या गल्लीत टॅबवरून लाल भिंत उभी केली, तर खाचेचा पूर्ण आकार दिसेल. आणि भिंत हळूहळू जवळ आणत गेलं, तर खाच कुठं आहे तेही कळेल. भिंत त्या जागेच्या अलीकडं आली की खाच मिटायला हवी, कारण मग भिंतच पुढं आणि ते, जे काही होतं ते, मागं. काच खराब असेल तर मात्र भिंत कुठंही नेली तरी खाच मिटणार नाही.

"मी चष्मा लावते," ती म्हणाली. "तू दारात उभा राहून भिंत सरकव."

५

ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांनी धरून, कामगार उभा राहतो तशी ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. पाठीमागं दार, दारात विश्वजीत. समोर पट्टी, पट्टीत ते दोन पाय.

"भिंत टोकाला लाव."

गल्लीच्या टोकाला लाल रंग उभा राहिला, जमिनीपासून छतापर्यंत. आणि त्यात खाच.

पाय, मांड्या, कंबर. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. डोकं किंचित एका बाजूला कललेलं, आवाज ऐकणाऱ्याचं कलतं तसं. खाचेतून मागचे बॉक्स दिसत होते, बॉक्सवरची छापील अक्षरंसुद्धा. पाठ आहे की तोंड, कळायला काही मार्ग नव्हता.

"मधली गल्ली," ब्राह्मी मोठ्यानं म्हणाली. स्वतःचा आवाज ठाम ऐकून तिला बरं वाटलं. "उभ्या लाल भिंतीत माणसाच्या आकाराची खाच. उंची माझ्याहून जास्त. हालचाल नाही. जवळ आण."

भिंत सरकली. खाच तशीच.

"आणखी."

भिंत आणखी सरकली आणि एका क्षणी खाच मिटली. लाल रंग अखंड झाला, डावीकडून उजवीकडं, खालपासून वरपर्यंत. ब्राह्मीनं श्वास सोडला.

"काच चांगली आहे," ती म्हणाली. "त्याला जागा आहे. भिंतीच्या मागं आहे ते. विश्वजीत, पार माझ्यापर्यंत आण. मधे कुठं दुसरी खाच आहे का तेही बघून टाकू."

भिंत येत येत ट्रॉलीच्या पुढ्यात थांबली. समोर आता लालच लाल. खाली, ट्रॉलीच्या दांडीवरच्या तिच्या हातांचे आकार त्यात बरोबर कापले गेले होते. मूठ, अंगठा, मोज्यांच्या घड्या. चष्मा आपलं काम चोख करत होता.

तेवढ्यात ब्लोअर आपोआप थांबले. बर्फ वितळवायला ते अधूनमधून थांबत, हे तिला माहीत होतं. घरघर गेली तशी खोली एकदम मोठी झाली. वर कुठं तरी पत्रा आकसून टिक् वाजला. मग पाण्याचा एक थेंब पडला. मग तेही नाही.

लाल रंगाच्या उजव्या कडेला एक गोलसर खाच पडली.

नखाएवढी. तिच्याखाली दुसरी, मग तिसरी, मग चौथी. कडेकडून आत सरकत त्या लांब झाल्या. पलीकडचे बॉक्स त्यांच्यातून दिसत होते आणि त्यांच्यामधल्या फटींत लाल रंगाच्या बारीक रेघा उरल्या होत्या. त्या तिच्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ होत्या की तिला त्या दोन्ही डोळ्यांनी धड बघता येईनात.

ब्राह्मीनं नजर खाली नेली. तिचे दोन्ही हात दांडीवर होते.

"विश्वजीत," ती म्हणाली, "माझ्या मागं कोण आहे?"

"कुणी नाही."

"टॅबकडं नको बघू. माझ्याकडं बघ."

"कुणी नाही, ब्राह्मी. तू एकटी आहेस."

"भिंत काढ."

लाल रंग गेला. समोर लांबलचक गल्ली, दोन्ही बाजूंचे बॉक्स, आणि जमिनीवर हिरवी पट्टी. तिच्या पायापासून थेट टोकापर्यंत, कुठंही न तुटलेली. कालपासून पहिल्यांदाच ती अशी सलग होती. वाटेत उभं राहिलेलं आता तिथं नव्हतं. आणि डोळ्यांसमोर आता लाल काही नसल्यानं ती बोटं पुढं आली की मागं गेली, हे कळायचाही मार्ग उरला नव्हता.

तिनं एक हात सावकाश दांडीवरून उचलला, चष्मा काढला, घडी करून ट्रॉलीत ठेवला आणि वळली. गल्लीचं तोंड रिकामं होतं. दारात विश्वजीत उभा होता, टॅब छातीशी धरून. ती सरळ त्याच्याकडं चालत गेली. पळाली नाही. दाराचे प्लॅस्टिकचे पडदे बाजूला करून ती उन्हात आली. तिथं भिंतीला टेकून उभी राहिली.

"मला बोटं दिसली," विश्वजीत म्हणाला. "मी तुझीच समजलो."

६

लालासाहेबांना तिनं बोटांचं काही सांगितलं नाही. पाहिलं तेवढंच सांगायचं हा दंडक खरा, पण समोरच्याला उपयोगी पडेल तेवढं सांगायचं, हाही तिचाच होता.

"भोक माणसाएवढं आहे," ती म्हणाली. "आणि ते एका जागी राहत नाही. लाल भिंत त्यामागं पूर्ण झाकली जाऊ शकते. धोक्याची याहून वरची पायरी आमच्याकडं नाही. आज फोर्कलिफ्ट चालणार नाही."

"मालक निघालेत, मॅडम."

"मग चष्मा तुम्ही लावा आणि हरणाबाईंच्या जागी तुम्ही उभे राहा. फोर्कलिफ्ट येऊ द्या."

लालासाहेब टेबलावरचा चष्मा बघत राहिले. हात लावला नाही. थोड्या वेळानं त्यांनी फोन उचलला आणि मालकांना सांगितलं की आज यायची तसदी घेऊ नका.

आठवड्याभरात चष्मे कंपनीकडं परत गेले. हरणाबाई पुन्हा बॉक्सवरची नावं वाचत माल शोधू लागल्या. नवी वस्तू आली नि गेली याचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. कंपनीनं ब्राह्मीच्या अहवालाबद्दल आभार मानले आणि कॅमेऱ्यात सुधारणा करतो असं कळवलं. विश्वजीतनं चष्म्याची कामं घ्यायचं बंद केलं. ब्राह्मीनं केलं नाही. एका खोलीत जे घडलं त्यासाठी हातातलं कसब टाकून द्यावं, असं तिला वाटलं नाही. साताऱ्याला परतल्यावर ती नीट झोपली, नीट जेवली. आईकडं जाऊन आली. हिवाळा संपला.

उन्हाळ्याच्या तोंडावर ऑफिसात दुसऱ्याच एका कंपनीचे चष्मे आले. मोठ्या इमारतींत माणसांना वाट दाखवणारे. बनावट वेगळी, कॅमेरा वेगळा, जमिनीवर पट्टीऐवजी पिवळे बाण. त्यांची तपासणी प्रीतीकडं होती. प्रीती ब्राह्मीच्याच वयाची, तिच्याबरोबरच लागलेली. सकाळी अकराचा सुमार. खिडक्यांतून पोवई नाक्याची वर्दळ ऐकू येत होती. प्रीती चष्मा लावून कॉरिडॉरमधून बाणांमागं चालली होती आणि दिसेल ते मोठ्यानं बोलत होती. ब्राह्मी हातात फाईल घेऊन समोरून आली.

"ब्राह्मी, जरा बाजूला हो गं," प्रीती म्हणाली. "बाण झाकले जातायत."

ब्राह्मी हसून भिंतीकडं सरकली.

"हं. तुझ्याकडचे मोकळे झाले." प्रीती थांबली होती. मान थोडी तिरकी करून ती जमिनीकडं बघत होती. "आता त्यांनाही सरकायला सांग."

कॉरिडॉरमध्ये दोघींशिवाय कुणी नव्हतं. खालून एका एसटीचा हॉर्न वाजला. ब्राह्मीनं फाईल छातीशी धरली. मागं वळून बघायचं तिनं टाळलं. वळून काही दिसत नाही, हे तिला माहीत होतं.

"प्रीती," ती शांतपणे म्हणाली, "चष्मा काढू नकोस. कुठं आहे, केवढं आहे, हलतंय का, तेवढं सांग. मी लिहून घेते."